फोनोने मारलेली हाक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना कर्णेवाला फोनो आहे. चावी भरली की माझ्या डोक्यावर तबकडी गरगरायची, तिच्यावर सुई टेकवली की कर्ण्यातून बाई गायची. आता मी या गोठ्यातल्या फळीवर पडून असतो, त्या कर्ण्यात कोंबडी अंडी घालते, आणि ती उबवायला बसली की मला शिंकायचीही चोरी.

मित्रांनो, वाड्यावरची सगळी पोरं जरा पुढे सरकून बसा. गोठ्याच्या दाराशी भागूबाई पावटे निवडते आहे. चार दिवस माहेरपणाला आली आहे, कामात आहे, तिचं इकडे लक्ष नाही. त्यामुळे मला मोकळेपणाने बोलता येईल.

माझे लोखंडी अवयव बोटीने आले आणि मुंबईत एका सुताराने मला सागवानी पेटीत बसवलं. पहिली आठ वर्षं मी एका चहाच्या दुकानात गात होतो. माझं गाणं सुरू झालं की गिऱ्हाइकं चहा प्यायची विसरत, म्हणून मालकाने मला काढून टाकलं. मग गिरणीत काम करणाऱ्या ज्ञानूने मला उचललं आणि एकोणीसशे तेहतीस साली आपल्या बहिणीला भेट म्हणून इकडे आणलं. भोरपर्यंत मोटार, पुढे पायी. घाटात पावसाची सर आली तेव्हा त्याने पेटी घोंगडीत गुंडाळली आणि कर्णा स्वतःच्या डोक्यावर इरल्यासारखा घातला. समोरून दोन बायका येत होत्या. त्याला पाहून त्यांनी डोक्यावरचे भारे टाकून अशी धूम ठोकली, की त्या अजून थांबलेल्या नाहीत.

ज्ञानूची बहीण म्हणजे सारजाबाई. तिचा नवरा हैबती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, कड्याच्या जवळ, हा सात घरांचा धनगरवाडा. म्हशी राखायच्या, लोणी कढवायचं, तूप घेऊन भोरला उतरायचं, असा यांचा संसार. चौदा वर्षांची भागू ही त्यांची एकुलती एक लेक. शेजारच्या घरात तिचा चुलतभाऊ भिमा, सोळा वर्षांचा.

ज्ञानूने मला अंगणात वाजवलं त्या संध्याकाळी साती घरं गोळा झाली. तोरण्यावरची वानरं खाली येऊन रांगेत बसली. एक बिबट्या तर पुढे आठ दिवस रोज तिन्हीसांजेला येऊन बांधावर बसत असे, आणि तबकडी बदलायला उशीर झाला की शेपटी आपटत असे. हे मोठ्यांचं झालं. पण या दोन पोरांना मी जसा लागलो, तसं कुणालाच काही लागू नये.

तबकड्या सहाच होत्या. दोघांना साती दिवस त्याच पाहिजेत. भिमाने केसांचा मधोमध भांग पाडला. तबकडीवरच्या नाटकातला राजपुत्र बोलायचा तसं तो बोलू लागला. एकदा सकाळी चुलत्याला म्हणाला, "तात, आज्ञा असावी."

हैबतीने त्याच्याकडे पाहिलं. "आज्ञा म्हंजे काय रं?"

"म्हंजे, मी काय करावं?"

"श्यान काढ."

आणि राजपुत्राने शेण काढलं. पण मान ताठ ठेवून. तबकडीवरचा कागद पुन्हा पुन्हा पाहून त्याला अक्षरंही लागली, हेही सांगितलं पाहिजे. मी काही वाईटच केलं असं नाही. मी चांगलंही केलं नाही. मी वाजलो.

भागूचं निराळं होतं. माझी वाकडी लोखंडी चावी तिने स्वतःकडे घेतली. दुसऱ्या कुणी मला वाजवू नये म्हणून ती चावी कोयत्यासारखी कमरेला खोवून हिंडे, झोपतानासुद्धा काढत नसे. तिसऱ्या तबकडीतली बाई तिला फार आवडे. बारीक, नाकातून येणारा, मखमली आवाज. त्या तबकडीला एका जागी ओरखडा होता. सुई तिथे आली की अडकायची आणि बाई म्हणायची, "वाट पाहते, पाहते, पाहते, खर्र." मग ज्ञानूने शिकवल्याप्रमाणे पेटीवर बोटाने एक टिचकी मारायची, की गाणं पुढे सरके.

आता वाड्यावर दुसरं गाणं कुणी ऐकलेलं? पोरांना वाटलं, गाणं असंच असतं. भागू शेण थापताना गायची, "वाट पाहते, पाहते, पाहते, खर्र," मग स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायची आणि पुढची ओळ घ्यायची. भिमा तर दोन टिचक्या मारी. वाड्यावरच्या सगळ्या पोरींची कपाळं त्या वर्षी लाल होती.

यात हसण्यासारखंच होतं. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

या डोंगरात प्रत्येक घराची म्हशींना बोलावण्याची हाक वेगळी असते. आई ती लेकीला देते. सारजाबाईची हाक बेंबीपासून निघायची, "हुऽऽर्रे, हाऽऽव," आणि शेवटी आवाज फुटलेल्या मडक्यासारखा चिरकायचा. त्या चिरकण्यावर तिच्या म्हशी मान वर करत. दुसऱ्या घरच्या बाईने घसा फोडला तरी त्या ढिम्म. हैबतीसुद्धा बोलावू शकत नसे, म्हशी त्याला ओळखत पण ऐकत नसत.

सारजाबाई लेकीला सांगे, "मार की हाक. उद्या म्या न्हाई ऱ्हायले तर कोन बोलवंल?"

भागू म्हणायची, "आये, रानटी वाटतं गं त्ये. तबकडीतली बाई आसं वरडती का?"

"तिच्या म्हशी असतील गरीब."

असं बोलून सारजाबाई स्वतःच हाक मारी. दोन वर्षं गेली. भागूचा आवाज माझ्या बाईसारखा बारीक झाला. मला त्याचा अभिमान वाटे, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या वर्षी भादव्यात सारजाबाई तापाने पडली. घसा असा धरला की पाणी मागायलाही हाताने खूण करायची. हैबती तुपाचे डबे घेऊन भोरला उतरलेला. आणि त्याच दिवशी दुपार कलताना कड्याकडून धुकं चढलं. दहा पावलांवरचा गोठा दिसेना. बाकीच्या म्हशी वासावर परत आल्या. चांदी आली नाही. घरातली सगळ्यात दुधाची म्हैस, आणि दिवस भरलेली. त्या घराचं अर्धं तूप एकट्या तिचं होतं. कड्याच्या पोटात गवताची एक अरुंद पट्टी आहे, तिकडे तिच्या गळ्यातली घंटा वाजत होती. पुढे चार पावलं गेली तर खाली कानंदीचं खोरं.

भिमा काठी घेऊन निघाला. सारजाबाईने अंथरुणातून हात हलवून त्याला थांबवलं. माणूस धुक्यातून अंगावर आला तर म्हैस बुजून पुढेच जाणार, हे राजपुत्राला कळत नसलं तरी तिला कळत होतं. तिने भागूकडे पाहिलं आणि स्वतःच्या घशावर बोट ठेवलं.

भागू तशीच उठली आणि कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी या फळीवर होतो. कडा इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तिने हाक मारली. माझ्या बाईच्या आवाजात, गोड, नाकातून. घंटा वाजत राहिली, दूरच जात राहिली. तिने पुन्हा मारली. या वेळी शेवटी तान घेतली. पोरगी घाबरली होती आणि घाबरल्यावर तोंडातून जे सवयीचं तेच येतं. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिचा आवाज थरथरला आणि ओरखड्यावर आल्यासारखा अडकला. मग काहीच ऐकू आलं नाही. घंटाही थांबली.

आणि मित्रांनो, आता ते ऐका, ज्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझ्या पोटातली गुंडाळलेली पोलादी कमान आपोआप ताणली गेली. तबकडी नसताना माझं चाक फिरू लागलं. तीन वर्षं मी या फळीवरून सारजाबाईची हाक रोज ऐकत होतो, ती माझ्या लाकडात मुरली होती. माझ्या कर्ण्यातून ती बाहेर पडली. "हुऽऽर्रे, हाऽऽव!" शेवटच्या चिरकण्यासकट, जशीच्या तशी. ती धुक्यातून गेली, तोरण्याला आपटली आणि परत आली. पलीकडच्या डोंगरातल्या म्हशींनीसुद्धा चरणं थांबवलं. चांदीने कान टवकारले. घंटा वळली. एक एक पाऊल टाकत ती वर आली, सरळ गोठ्यात शिरली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना व्याली. पारडी झाली. आता तुमच्या मागे जी रवंथ करते आहे ती त्या पारडीची नात.

अंथरुणात पडलेली सारजाबाई ती हाक ऐकून रडली. मी तिचं रडणं या कानांनी ऐकलं. माझा गौरव म्हणायचा तो एवढाच.

नवल असं की एवढा पराक्रम करूनही त्यानंतर भागूने मला फारसं वाजवलं नाही. सणासुदीला एखादी तबकडी लावी, बस. भिमा भोरला नोकरीला गेला, भागू लग्न होऊन गुंजवणीच्या खोऱ्यात गेली. तबकड्या एकेक करून फुटल्या. माझ्या चावीला सारजाबाईने आढ्याला बांधलं आणि तिच्यावर दह्याचं शिंकं अडकवलं. ते पाहा, डोलतं आहे. माझा राग नाही. पण ज्याने तुमच्या सारजाआज्जीची म्हैस वाचवली, त्याच्या कर्ण्यात निदान कोंबडी तरी नसावी. म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, की जुन्या वस्तूला महिन्यातून एकदा पुसावं, थोडं तेल द्यावं, तिने केलेल्या उपकाराची आठवण ठेवून...

"आन् चावी?" दाराकडून आवाज आला.

पावटे निवडायचे थांबले होते.

"कसली चावी, आत्या?" तुमच्यातल्याच कुणीतरी विचारलं.

"ह्येची. त्या दिशी ती माज्या कमरंला व्हती की. थितं, कड्यावर. चावीबिगर ह्यो कसा वाजंल?" भागूबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं. "तीन येळा चुकले. मग कमरंची चावी उपसून पायाशी गवतात टाकली, पोट आवळून धरलं, आन् चवथ्यांदा आयची हाक निगाली. ह्यो हितं फळीवर बसून ऐकत व्हता."