अकरा सेकंदांत कालबाह्य

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेले आहे. पोलादी डबी, डोक्यावर चावी आणि पोटात दोन काटे, एवढाच माझा संसार. माझा कारखाना कोणता ते आठवत नाही. आठवते ते सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका शाळेचे मैदान. तिथे वीस वर्षे मी खेळाच्या सरांच्या गळ्यात होते. धावून आलेली मुले धापा टाकत पाण्याकडे नव्हे, आधी माझ्याकडे बघायची. मी दाखवीन तोच निकाल. सरपंचाचा मुलगा असो की गुराख्याचा, मी कुणाला अर्ध्या सेकंदाची सूट दिली नाही.

मग सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्यांच्या खिशात मोबाईल आला आणि मी गंजक्या लेझमांखाली गेले. चावी द्यायचीही कुणाला आठवण राहिली नाही. गरज सरो, वैद्य मरो! पण त्याचा राग मी केव्हाच गिळला. आजचा राग वेगळा आहे.

यंदा विज्ञानाच्या शिला मॅडमनी मला बाहेर काढले आणि नववीतल्या प्रतिक्षाच्या हातात दिले. शाळेत मुलांना मोबाईलची बंदी, म्हणून माझी आठवण झाली. प्रतिक्षाचे वडील, म्हणजे जळबा, त्या धरणावर मासेमारी करतात. या पोरीने प्रकल्पाला विषय काय घ्यावा? क्वेसारचा कोरोना!

घाबरू नका, मलाही आधी कळले नव्हते. फार दूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी भलेमोठे कृष्णविवर असते. त्याच्याभोवती तापलेल्या वायूची चकती फिरते आणि ती इतकी झगझगते, की त्या साऱ्या प्रकाराला क्वेसार म्हणतात. विवराच्या अगदी जवळ चकतीहूनही तापलेला, कोट्यवधी अंशांचा एक ढग असतो. त्यातून क्ष-किरण निघतात. तोच कोरोना. कोरोना म्हणजे मुकुट. आकाशातल्या कोरोनाला हे नाव साथीच्या कितीतरी आधी मिळाले आहे.

हा ढग इतक्या दुरून दुर्बिणीत वेगळा दिसत नाही. मग शास्त्रज्ञ वेळ मोजतात. काही क्ष-किरण सरळ आपल्याकडे येतात, काही चकतीवर आपटून जरा उशिरा येतात. त्या उशिरावरून ढग चकतीपासून किती लांब आहे ते कळते.

हे समजावून सांगायला प्रतिक्षा धरणाच्या भिंतीसमोर उभी राहिली. टाळी वाजवली की पडसाद येई. पडसाद आला की त्याच क्षणी दुसरी टाळी. अशा वीस पडसादांना मी दहा सेकंद मोजले. तिने हिशेब मांडला, भिंत पंच्याऐंशी मीटर. जळबांनी जाळ्याचा दोर लावून मापले, तर त्र्याऐंशी भरले.

"आवाज माघारी येतो हे ठावं व्हतं," जळबा म्हणाले, "पण त्यानं अंतर मोजता येतं? अन् तू तर आभाळातलं मोजून राहिली व्हय!"

"मी न्हाई बाबा, शास्त्रज्ञ मोजून राहिले. मी नुसती सांगून राहिले."

"मग बराबर सांग. घाई करू नको."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून एकाच प्रकल्पाची निवड होणार होती. निवडलेल्या मुलाला पुण्याकडची मोठी दुर्बीण बघायला नेणार होते. प्रतिक्षाने तिथे विचारायचे सतरा प्रश्न वहीत लिहून ठेवले होते.

आणि तिथे काय झाले? तक्त्यावर 'कोरोना' वाचून संयोजकांनी तिला आरोग्य विभागात बसवले! एका बाजूला हात धुण्याची पद्धत, दुसऱ्या बाजूला सकस आहार. परीक्षक किसनराव आले. प्रत्येकाला तीन मिनिटे असा नियम होता, म्हणून प्रतिक्षाने माझी कळ दाबली आणि बोलू लागली.

"कोरोना?" किसनराव हसले. "अगं पोरी, तो गेला की आता! मास्क कुठाय तुझा?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. "सर, हा आभाळातला..." एवढेच ती म्हणाली, तोवर साहेबांची पाठ वळली होती. तिने कळ दाबली. अकरा सेकंद.

थोड्या वेळाने शेऱ्याचा कागद आला. 'विषय कालबाह्य.' मित्रांनो, कालबाह्य! जो प्रकाश अब्जावधी वर्षे चालून आज पोचला आहे, तो कालबाह्य? आणि हे ठरवणारा माणूस तिथे किती थांबला, ते माझ्या काट्यांना विचारा.

शिला मॅडम हळूच म्हणाल्या, "बाळा, नाव बदलू. 'प्रभामंडल' लिहू. मी त्यांना पुन्हा बोलावते."

"मॅडम, शब्द बराबर हाय. त्यांनी ऐकलंच न्हाई. मी काहून बदलू?"

तेव्हा लेकीसोबत आलेले जळबा उठले, चहा पीत बसलेल्या किसनरावांपुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांना घेऊन आले. प्रतिक्षाने सगळे सांगितले, टाळ्या वाजवून दाखवल्या. या खेपेला साहेबांनी पुरी तीन मिनिटे ऐकले. चेहरा उजळला. प्रश्नही विचारला, की ढग सरकला तर उशीर बदलेल का? बदलेल, म्हणाली ती.

"वा! हुशार आहेस. पण यादी वर गेली गं. सही झाली माझी."

समजले, तरी सही मोठी! मी लोखंडाचे आहे याचे त्या क्षणी मला पहिल्यांदा वाईट वाटले. माणूस असते, तर ओरडले असते.

प्रतिक्षा ओरडली नाही. म्हणाली, "सर, निवड राहू द्या. पण शेरा खरा लिहा. 'ऐकले नाही' असं लिहा."

किसनरावांनी पेनाला टोपण लावले आणि ते निघून गेले. तिने तोच कागद पुढे ओढला आणि शेऱ्याखाली लिहिले, 'ऐकण्यास दिलेला वेळ: अकरा सेकंद.' शिला मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि मार्गदर्शक शिक्षक म्हणून खाली सही ठोकली. कागद तसाच प्रदर्शनाच्या दफ्तरात जमा झाला.

मित्रांनो, मला चावी द्या अगर देऊ नका, लेझमांखाली टाका, माझी तक्रार नाही. पण तुमच्यासमोर एखादे लेकरू नवे काही सांगू लागले, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत तुमची पाठ वळू देऊ नका. मला नुसता वेळ मोजता येतो. द्यायचा असतो तो तुम्हीच.