काठातली वाट

लेलंड नाकाईने कॉटनवुडच्या लाकडात पहिल्यांदा आईला कोरलं, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती. "नाक तुझ्या आजीचं लावलंस की रे, मेल्या!" विणायच्या मागापुढे बसलेली, हातात लाकडी फणी धरलेली बाई. गॅलप शहरातल्या दुकानात ती हातोहात खपली आणि तिथेच लेलंड अडकला. त्याने चांदी ठोकणारा मामा कोरून नेला, मडकी भाजणारी मावशी नेली. दुकानदार रँडल नुसती मान हलवायचा. "गिऱ्हाइकाला मागावरचीच बाई लागते, लेलंड."

वर्षानुवर्षं तीच बाई. संधिवाताने आईची बोटं वाकडी झाली, तिचा माग अंगणात उन्हात तडकून गेला. शेडमध्ये मात्र लेलंड तिला रोज विणायला बसवत होता.

एका सकाळी आईने तयार मूर्ती डोळ्यांजवळ धरली. तिच्या मागावरच्या गालिच्याच्या काळ्या रंगवलेल्या काठावरून नख फिरवलं.

"ह्यातली वाट कुठाय?"

लेलंडने वाकून काठाकडे पाहिलं.

"काठातून बाहेर जाणारी रेघ रे! विणणारीचा जीव आत अडकू नये म्हणून सोडतो ती. एवढ्या बायका केल्यास, सगळ्या कोंडून घातल्यास?"

त्याचा चेहरा उतरला. एवढीशी रेघ कोण बघतंय, म्हणून त्यानेच ती काढणं कधीचं बंद केलं होतं. त्याने बारीक ब्रशने कोपऱ्यात पांढरी रेघ ओढली.

दुकानात रँडलची नजर नेमकी तिथेच गेली. "रंग ओघळलाय इथे."

"नाही, ती मुद्दाम..."

तोवर रँडलने ड्रॉवरमधला काळा मार्कर काढून रेघ बुजवलीसुद्धा. "झालं! अशाच आणखी आण."

"बरं," लेलंड म्हणाला.

घरी आईने मटणाचा रस्सा वाढला. त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

आईने चावायचं थांबवलं. मग त्याच्या ताटलीत भाकरी टाकली. "जेव."

जेवून तो शेडमध्ये गेला. नवं लाकूड घेतलं. ऐरणीवर वाकलेला मामा करायचा, पक्कं ठरवून. लाकडात पाठ उतरली, खांदे उतरले. मग बघतो तर सुरीने पाय दुमडून एका अंगाला घेतले होते, मागापुढे बसतात तसे.

बाहेर आई मेंढ्यांना हाका घालत होती. लेलंडने सुरी खाली ठेवली. मग सुरी उचलून त्याने फणी कोरायला घेतली.