जाईबाईची हळद

कुणालला रॅपर व्हायचं होतं, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, "पोट भरतंय का रं त्येच्यावर?" पोट भरत नव्हतं. पोट हळदीच्या गोदामातल्या पॉलिशच्या ड्रमवर भरायचं. वाळलेली हळद ड्रममध्ये ओतायची, बटण दाबायचं आणि वरची साल जाऊन ती झळझळीत पिवळी होईपर्यंत त्या धुरळ्यात उभं राहायचं. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी पिवळं. ड्रमचा आवाज एवढा की शेजारी कुणी बोंबललं तरी कळू नये. कुणालला तेच बरं वाटायचं. त्या गदारोळात तो घसा फोडून आपली गाणी म्हणायचा आणि कुणाच्या बापाला ऐकू जायचं नाही.

गोदामाच्या दुसऱ्या टोकाला बायका हळद निवडायला बसत. हळकुंडं एकीकडं, गड्डे दुसरीकडं. त्यांत त्याची आई होती, जाईबाई. नवरा गेला तेव्हा कुणाल पाचवीत होता. तेव्हापासून ती या गोदामात बसली ती आजतागायत. तिचे हात कायमचे पिवळे. साबण, राख, लिंबू, सगळं करून झालं, रंग काही हटला नाही. पोराच्या गाण्याला ती 'बडबड' म्हणायची. "गानं ऐकल्यावर डोळ्यात पानी आलं पायजे. तुझं ऐकून नुसतं कानात दडं बसत्यात." कुणाल वरवर हसायचा. त्याला मुंबई हवी होती, नाव हवं होतं, या धुरळ्यातून एकदाचं सुटायचं होतं. पण खरं सांगायचं तर या सगळ्याहून जास्त हवं होतं ते एवढंच, की आईनं एकदा आपलं गाणं ऐकून 'चांगलं हाय रं' म्हणावं.

आणि तसं एक गाणं त्याच्याकडं होतं. ते काही बसल्या बसल्या सुचलं नव्हतं, लहानपणापासून आत सलत होतं. बाप गेला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पलूसला चुलत्याच्या घरी लग्न निघालं. हळद लावायला बायका मांडवात गोळा झाल्या, जाईबाईनंही सवयीनं हात पुढं केला, आणि थोरल्या जावेनं तो मनगटाला धरून बाजूला सारला. "तू नगं, जाईबाई. जरा मागं बस." विधवेनं नवरीला हळद लावायची नसते हे जाईबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. ती विसरली होती. वाटीतली हळदसुद्धा तिनंच निवडून, कुटून सांगलीहून नेली होती. कुणाल तेव्हा चड्डीतला पोरगा, पण मांडवाच्या खांबाला धरून त्यानं ते पाहिलं आणि पुढं दहा वर्षांनी त्याचं गाणं झालं:

तुमची हळद चार दिसांची, आंघोळीला उतरती,
माझी आई बारा म्हैनं पिवळ्या हातानं वावरती.
मांडवात तिला म्हंता, बाई, मागं बसा जरा,
ज्या हळदीनं नवरी सजली, ती निवडली कुनी, इचारा!

हे गाणं त्यानं आईला कधी ऐकवलं नाही. नीट रेकॉर्ड होऊ दे, ताल लागू दे, मग एकदम कानाला हेडफोन लावून ऐकवू, असं त्याच्या मनात होतं. चांगली वस्तू माणूस अशीच राखून ठेवतो आणि दुसऱ्याच्या हातात पडू देतो.

एक दिवस दुपारी लाईट गेली. बायका बाहेर जेवायला बसल्या होत्या. ड्रम थांबला, कुणाल थांबला नाही. डोळे मिटून तो म्हणतच होता. डोळे उघडले तर दारात ऋषिराज उभा. हा गोदामाच्या मालकांचा मुलगा, धाकटे मालक. गोदामाच्या माडीवर त्यानं स्पंज लावून स्टुडिओ केला होता. माईक भारी, कॉम्प्युटर भारी, फक्त म्हणायला काही नव्हतं.

"कुणाचं रे हे?"

"माजंच हाय, मालक."

"वर ये."

कुणाल माडीवर गेला तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. पण माईकसमोर उभा राहिला आणि खोकल्याची अशी ढास लागली की एक ओळ धड निघेना. सीझनभर छातीत गेलेली हळद नेमकी त्या दिवशी आडवी आली. ऋषिराज म्हणाला, "असू दे. आत्ता मी रफ म्हणून ठेवतो. तुझा घसा सुटला की तुझा आवाज भरू." कुणालनं त्याला एकेक ओळ शिकवली. कुठं थांबायचं, कुठं दम घ्यायचा, कुठं आवाज फाटू द्यायचा, सगळं मन लावून शिकवलं. गाढवपणाच तो, पण मालकाच्या शब्दावर शंका घ्यायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

घसा सुटायच्या आत गाणं यार्डातल्या प्रत्येक मोबाईलवर वाजायला लागलं. आवाज ऋषिराजचा, नाव ऋषिराजचं. एकच शब्द बदलला होता. 'माझी आई'च्या जागी 'माझी आजी'. ऋषिराजचे वडील धडधाकट, मग त्याची आई विधवा दाखवून कसं चालेल? म्हणून व्हिडिओत आजी घेतली होती. बनुआक्का, गोऱ्यापान, हाताला ताजी हळद फासून झाडलेल्या गोदामात बसलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनीही हळद निवडली होती म्हणे. निवडली असेलही.

कुणाल माडीवर गेला. ऋषिराजनं उठून त्याच्या खांद्यावर हात टाकला. पोरगा मनानं वाईट नव्हता, तेच तर अवघड. "अरे, पप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, असंच टाक. माझ्या आवाजात बसलंय ते. पुढचं गाणं तुझं, शप्पथ."

खाली आई चटईवर बसली होती. मालकांशी वाकडं घेतलं तर पहिली तिची चटई उचलली जाणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. कुणाल म्हणाला, "बरं, मालक."

पुढं साताऱ्याला रॅपची मोठी स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला मुंबईला बोलावणं. कुणाल एक दिवसाची सुट्टी काढून एसटीनं गेला. दुसरीही गाणी होती त्याच्याकडं, पण ऐन वेळी त्याच्या मनानं घेतलं की म्हणायचं तर हेच. आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात खेळतंय म्हणून काय ते आपलं राहत नाही? पहिली ओळ संपली तशी पुढची पोरं ओरडली, "ये, हे ऋषिराजचंय रं!" कुणालनं नेट लावला. 'माझी आई बारा म्हैनं' म्हटलं, तर सगळं मैदान हसत त्याला शिकवायला लागलं, "आई न्हवं, आजी! आजी! पाठ तरी नीट कर की गड्या!" परीक्षकानं हात वर केला आणि प्रेमानं सांगितलं, "बाळा, आवाज चांगला आहे. पण स्वतःचं काहीतरी घेऊन ये." परतीच्या गाडीत कुणाल खिडकीला डोकं टेकून रडला. शेजारच्या म्हातारबांना वाटलं, पोरगं भरतीत नापास झालं. "पुढच्या टायमाला व्हशील," ते म्हणाले.

वैशाखात पलूसला पुन्हा लग्न होतं. त्याच चुलत्याच्या घरी, त्याच्या धाकट्या लेकीचं, क्रांतीचं. सकाळी मांडवात हळद लागत होती आणि डीजेवर तेच गाणं. जाईबाई मागं, पाण्याच्या पिंपाजवळ बसली होती. आता तिला मागं बस म्हणून कुणाला सांगावं लागत नव्हतं. तिची ती बसायची.

क्रांती पाटावरून ओरडली, "गानं बंद करा आधी! गान्यावर नाचताय आन् माज्या काकूला पिंपाजवळ बसवताय व्हय? काकू, या पुढं. तुमी हळद लावल्याबिगर मी उठनार न्हाई."

थोरली जाऊ जागची हलली, आणि सगळ्यांना वाटलं आता ही काहीतरी बोलणार. तिनं फक्त सरकून वाट दिली. जाईबाई आली. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि पोरीच्या गालाला हळद लावली, एका गालाला, मग दुसऱ्याला, आणि तिथंच पाटाशेजारी बसून हमसून हमसून रडली. बायकांनीही डोळ्याला पदर लावले.

कुणाल मांडवाच्या कडेला उभा होता. साताऱ्याचं मैदान, माडी, शप्पथ, सगळं त्या घटकेला त्याच्या मनातून पुसलं गेलं. माझ्या गाण्यानं झालं हे, माझ्या गाण्यानं, एवढंच छातीत वाजत होतं. मुंबई गेली झक मारत, आज आईला सांगायचं.

परतीच्या एसटीत जाईबाई बराच वेळ हाताकडं बघत बसली. मग म्हणाली, "बनुआक्कांचं नशीब बघ. नातवानं पांग फेडलं. माज्यावानीच झालं असंल त्यास्नी बी कवातरी. एवढं मोठं घर, पर पोरानं आजीचं दुख्ख इसरलं न्हाई. तू शिक काय तरी त्येच्याकडनं."

"आई, त्ये गानं माजं हाय."

"आँ?"

"मी लिवलंय. तुज्यावर. पलूसला त्या लग्नात थोरल्या काकीनं तुजा हात धरला हुता, तवा मी बघत हुतो. आजी न्हाई त्येच्यात, आई हाय. ऐक." आणि हेडफोन नाही, माईक नाही, एसटीच्या खडखडाटात तो तिच्या कानाशी वाकून म्हणायला लागला. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला.

जाईबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. "नगं रं बाळा. हात काय माज्या एकटीचा धरला व्हय? गोदामातली हरेक बाई म्हंती, गानं माज्यावर हाय. आपन गरीब हाय, कुनाल, पर दुसऱ्याचं आपलं म्हनू न्हाई. त्येनं केलं, त्येला जमलं. तुला न्हाई जमलं तर न्हाई जमलं. मी काय टाकून देनार हाय व्हय तुला?"

कुणालनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई लग्नातल्या बुंदीची पुडी घेऊन गोदामात आली आणि चटईवर न बसता माडीच्या जिन्यापाशी उभी राहिली. ऋषिराज खाली उतरला तशी पुडी त्याच्या हातात देऊन तिनं पलूसची सगळी हकीकत सांगितली. बायका निवडायचं सोडून ऐकत होत्या. सांगता सांगता तिला पुन्हा रडू आलं. तिनं दोन्ही पिवळे तळवे ऋषिराजच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि आपल्या कानशिलावर नेऊन बोटं कडाकडा मोडली. "औक्षवंत व्हा, मालक. तुमच्यामुळं मी आज मानसात आली."

ऋषिराजच्या गालाला हळद लागली होती. तिच्या खांद्यावरून त्याची नजर कुणालवर पडली आणि तो पांढराफटक झाला. "मावशी," तो म्हणाला, "ऐका जरा. ते गाणं खरं म्हणजे…"

इतके महिने कुणाल ज्याची वाट पाहत होता ते वाक्य आता जेमतेम दोन शब्दांवर येऊन थांबलं होतं. त्यानं आईकडं पाहिलं. ताठ उभी होती ती. अशी ती त्यानं कधी पाहिलीच नव्हती. आणि त्याला कळून चुकलं. मालकांच्या घरचं गाणं म्हणून पलूसच्या मांडवानं तिला वाट दिली. ड्रमवरच्या पोरानं रचलंय म्हटलं असतं तर थोरली काकी जागची हलली नसती. उद्या ही गोष्ट पलूसला गेली की आईच्या हातची ती हळदसुद्धा हसण्यावारी जाईल.

"खरं म्हंजे बनुआक्कांनी सांगितलं आन् मालकांनी लिवलं," कुणाल पुढं होऊन म्हणाला. "व्हय का न्हाई, मालक?"

ऋषिराजनं मान खाली घातली. ती हलली ती होकारासाठी की कशासाठी, कुणास ठाऊक.

"बघ," जाईबाई समाधानानं म्हणाली. "आलं का ध्यानात? जा, पाया पड मालकांच्या. तुला बी त्येंच्यावानी बुद्धी दे म्हन."

ऋषिराज मागं सरकत "नको, नको" म्हणत होता. आई बघत होती. कुणाल खाली वाकला.