भाऊजींची क्रेन

माल चढवण्या-उतरवण्याचा आमचा धंदा यजमानांच्या पश्चात मी चालवते. नियम माझेच. गुंगी आणणारे औषध घेणाऱ्याने आधी सांगावे आणि क्रेनवर चढू नये. काही आपटले, तर चालकाची तत्काळ तपासणी व्हावी, मग तो कोणीही असो. ‘कोणीही’ म्हणताना धाकट्या दिरांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता, कारण खाली अंडे ठेवले असते तरी फुटले नसते, इतक्या अलगद ते लोखंड उतरवीत.

त्या सकाळी त्यांनी उतरवलेला सळ्यांचा भारा उभ्या ट्रकच्या केबिनवर आदळला. ड्रायव्हर चहाला गेला होता, म्हणून वाचला.

तपासणीसाठी बोलावलेल्या परिचारिकेने भाऊजींची लघवी तपासली. मग दिवा लागताच बटण दाबायला सांगितले. दिवा लागे, विझे, आणि त्यानंतर भाऊजींचे बोट हले.

“पाठीच्या गोळ्या आहेत, वहिनी. डॉक्टरनेच दिल्यात. दारू नाही प्यायलो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर चढू दिलं असतंत?”

“नाही.”

“झालं तर मग!”

खालून हाताने खुणा करणारा त्यांचा जुना जोडीदार, ज्याला सारे मामा म्हणत, त्या दिवशी रजेवर होता. बातमी कळताच तो धावत आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

“थांबायची मूठ मी जरा आधीच दाखवायचो, बाई. त्यांचा हात उशिरा पोचतो, हे मला ठाऊक होतं. आज बदलीवाल्यानं ती वेळेवर दाखवली.”

“त्यांची काळजी तुम्ही घेतलीत, मामा. ट्रकवाल्याची कोणी घ्यायची?”

मी भाऊजींपुढे हात पसरला. त्यांनी किल्ली ठेवली.

“दादा असता तर, वहिनी?”

“तर किल्ली त्यांनी घेतली असती, आणि रडायचं काम माझ्याकडे आलं असतं.”

गोळ्या सोडून तपासणीत पास झालात तर पुन्हा चढा, असा शब्द मी दिला. त्यांनी गोळ्या सोडल्या. दातांत उशी धरून कण्हतात, असे धाकटी जाऊ सांगत असे. अखेर तपासणी निर्दोष आली. दिवा लागतो न लागतो तोच त्यांनी बटण दाबले.

“सिस्टर, दिवाच दमला की तुमचा!” म्हणून हसलेही.

मी किल्ली परत दिली. आवारातली माणसे कामे टाकून बघायला आली. शिडीच्या मध्यावर भाऊजी थांबले. एक पाय वर उचलला, तो पुन्हा त्याच पायरीवर आला. दोन्ही हातांनी त्यांनी शिडी कवटाळली. वर जाणे आता त्यांच्या पाठीला झेपणार नाही, हे मला खालून दिसत होते.

“भाऊजी, उतरा.”

“उतरतो. सगळ्यांना तिकडे वळायला सांगा, वहिनी. तुम्हीसुद्धा वळा.”

मी हुकूम सोडला. सर्वांनी पाठी फिरवल्या, मीही फिरवली. लोखंडी पायरीवर पाय टेकल्याचा आवाज आला. पुढचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मी मामाचे मनगट घट्ट धरले. वळून बघायचे मात्र आम्ही दोघांनीही टाळले.