नेलपॉलिश लावलेल्या सरक्या

मला एका जागी बसवत नव्हतं. पंख्याखाली बसले की वाटे उठावं, खिडकीशी गेले की वाटे कुणीतरी पाहतंय. आणि कारण काय, तर एका पोरीने भर वर्गात विचारलेला एक प्रश्न.

त्या दुपारी मी एम.एस्सी.च्या पोरांना चाचणीचे पेपर दाखवायला नेले होते. विषय सांख्यिकीय यामिकी, म्हणजे कणांची अफाट गर्दी कशी वागेल ते मोजून काढायचं शास्त्र. बारा वर्षं मी हेच शिकवते, आणि त्यातल्या माझ्या सरक्या आमच्या पांढरकवड्याच्या कॉलेजात चांगल्याच गाजलेल्या आहेत. कापसाच्या दोन बिया घ्यायच्या. एकीला लाल नेलपॉलिश, दुसरीला निळं. समोर दोन वाट्या. किती तऱ्हांनी ठेवाल? दोन्ही या वाटीत, दोन्ही त्या वाटीत, लाल इकडे निळी तिकडे, निळी इकडे लाल तिकडे. चार. शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही कळतं.

अतियाने पेपर उघडला, पाहिला, मिटला. वीसपैकी सात. पास व्हायला आठ लागतात. पाच वाजता विद्यापीठाचं मार्क भरायचं पोर्टल बंद होणार होतं. त्या एका मार्कापायी पोरीचं वर्ष जाणार, आणि जुलैत नागपूरला संशोधनासाठी झालेली निवडही जाणार. मला वाईट वाटत होतं, पण मार्क काय माझ्या घरचे आहेत?

तेवढ्यात ती उभी राहिली. "मॅडम, फोटॉनले पॉलिश कुठं लावाचं?"

वर्ग खो खो हसला. मी जाम भडकले. "तू आधी पास व्हायचं पाहा," म्हणाले. ती बसली. पेपर परत गोळा करून मी स्टाफरूममध्ये आले, आणि तिथून ही घालमेल सुरू झाली.

फोटॉन? मी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कुठे विचारला होता? शेवटी न राहवून कपाटातून प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न चौथा, दोन मार्क: दोन फोटॉन, दोन अवस्था, एकूण मांडण्या किती? आणि बाजूला, माझ्याच अक्षरात, उत्तर: चार.

प्रश्न जुनाच होता. पोरं जुने पेपर पाठ करून येतात, म्हणून यंदा मी शहाणपणा केला होता. 'खुणेचे दोन कण' खोडून 'दोन फोटॉन' लिहिलं, आणि उत्तर तसंच राहू दिलं. फोटॉनला खूण नसते. हा फोटॉन आणि तो फोटॉन असं काही नसतंच. दोघांची अदलाबदल करा, नवं काहीच होत नाही. म्हणजे दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे, किंवा एकेक दोन्हीकडे. तीन. सरक्यांच्या नंतर हे मी स्वतः त्यांना फळ्यावर लिहून दिलं होतं!

बावीसपैकी एकवीस जणांनी चार लिहिलं होतं आणि मी डोळे झाकून बरोबरच्या खुणा केल्या होत्या. एकटीने तीन लिहिलं. तिला मी शून्य दिलं, वर लाल शाईने शेरा मारला, 'सरक्या विसरलीस?' तिच्या तीनच्या आधी काहीतरी गिचमिड खोडलेलं होतं. घाबरली असेल, एवढंच मला तपासताना वाटलं होतं.

साडेतीन वाजले होते. मी तशीच विभागप्रमुख किसनराव सरांकडे गेले.

"कायले एवढ्या घाबरून राह्यल्या, मॅडम?" त्यांनी ड्रॉवरमधून दुरुस्तीचा फॉर्म काढला. "कारण लिवा, बेरजेत चूक. दोन मार्क वाढवा. इषय खतम."

"पण बेरीज बरोबर आहे, सर."

"दोन मार्क ते दोन मार्क. त्यायले काय तुमच्या सरकीसारखं पॉलिश लागलं हाये? कुठून आले कोन पाह्यते? उत्तरच चुकलं असं लिवसान तं चौकशी लागन. पुढच्या महिन्यात तुमची बढतीची मुलाखत हाये. इसरल्या का?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी गुपचूप लिहिलं, बेरजेत चूक. फॉर्मवर विद्यार्थ्याची सही लागते, आणि अतियाचा फोन लागेना. स्कूटी काढली आणि हायवेला तिच्या वडिलांच्या टायरच्या दुकानावर गेले. ऊन असं की हँडल धरवत नव्हतं.

अन्सारभाई एका ट्रकचं चाक खोलत होते. मला पाहून लगबगीने उठले. "काय गडबड झाली का, मॅडम? बसा ना. चाय सांगतो."

अतिया मागच्या चाकाला हवेचं मीटर लावून बसली होती. हात पुसत आली, फॉर्म घेतला आणि वाचला.

"बेरजेत चूक?" ती म्हणाली. "बेरीज तं बराबर होती, मॅडम. म्या दोनदा केली."

"तुला दोन मार्क मिळतात ना? नऊ होतात. सही कर. पाच वाजत आले."

तिने पेन फॉर्मवर टेकवलं आणि तसंच उचललं. "मंग उत्तर तीन का चार?"

मी ओढणी उगाच सारखी केली. "तीन."

"तुमाले माहीत होतं?"

"आज कळलं." आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी मीच तिच्यावर चढले. "तुला एवढी खात्री होती तर सरळ काहून नाही बोललीस?"

"बोलली होती ना. जानेवारीत. पॉलिश पुसलं तं काय होईन, म्हणून इचारलं होतं. तुमी म्हणल्या, पुसलं तं मोजशील कशी, खाली बस." ती फॉर्मकडे पाहत होती. "तुमाले चार पायजे हे मले ठाऊक होतं. पेपरात पहिले चारच लिवलं. मंग राहवलं नाही, खोडलं. तीन लिवलं. परत वाटलं, चार करावं. त्याच्यातच अर्धा तास गेला. मागचे दोन प्रश्न राहूनच गेले."

म्हणजे ती गिचमिड म्हणजे माझं चार होतं. पास करणारं उत्तर या पोरीने आपल्या हाताने खोडलं होतं, आणि मी तिच्याकडून खोट्यावर सही घ्यायला आले होते. मला इतकी शरम वाटली की अन्सारभाईंनी पुढे केलेला चहाचा कप धरवेना.

मी फॉर्म तिच्या हातातून घेतला. चाकाच्या रबरावर ठेवून 'बेरजेत चूक' यावर काट मारली आणि खाली लिहिलं: नमुना उत्तर चुकीचे. बरोबर उत्तर तीन. चूक माझी. सही ठोकली. मग तिने केली.

"बस मागे," मी म्हणाले.

पाचला सहा मिनिटं होती. किसनराव सरांनी कारण वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलाखतीचं काय मंग?"

"आधी मार्क भरा, सर. एकवीस जणांना उद्या वर्गात मी सांगते."

त्यांनी भरले. सातचे नऊ झाले. तरी माझ्या हाताला चैन नव्हती. मी तिचा पेपर काढला आणि तो लाल शेरा खोडायला घेतला. इकडून खोडला, तिकडून खोडला, कागद फाटायला आला, तरी खालची अक्षरं दिसतच होती.

अतिया बाजूलाच उभी होती.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "माह्यं चारबी तसंच दिसते."