लग्नाचा राखाडी चौकोन

राखाडी चौकोनाच्या मधोमध एक इवलासा तुकडा होता, मुलांच्या चित्रकोड्यात असतो तसा, आणि खाली इंग्रजीत ओळ – हे पाहायला लागणारं प्लगइन या संगणकात नाही. रामकृष्णरावांनी पुन्हा टिचकी मारली. ढिम्म! या चौकोनामागे लेकीचं, मंजिरीचं लग्न अडकलं होतं, आठ दिवसांपूर्वी बीरगांवला लागलेलं, तिच्या मैत्रिणीनं व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवलेलं... आणि बाप गेला नव्हता. नुसता गेला नव्हता असं नाही, शंकर नगरच्या या घरात भिंती हादरवून ओरडला होता – त्या लग्नाचं नाव इथं काढायचं नाही!

बायको प्रेमला मात्र लग्नाला गेली होती. परत आली, साडीची घडी घातली, भात लावला. आणि नाव काढलं नाही. आठ दिवस! एरवी दहादा सांगितलं तरी न ऐकणाऱ्या बायकोनं नेमकी हीच आज्ञा पाळावी? मग विचारायचं कुणाला – पोरगी रडली का? माझ्यामुळे, भर मांडवात, चारचौघांत रडली का? जेवताना तेच, अंघोळीला बसलं तरी तेच.

जावई, तो संघर्ष, बौद्ध आहे, म्हणून म्हातारा अडून बसला, असं लोक म्हणतात. म्हणोत. तेही असेल थोडं, खोटं कशाला बोला. पण जास्त लागलं ते हे, की तारीख ठरल्यावर मला सांगितलं. आईला आधी माहीत, मला मागून...

प्रेमला तात्यापारा मोहल्ल्यात मैत्रीण शारदाकडे हळदीकुंकवाला गेली होती, दोन तास तरी येणार नव्हती. संगणकात ही लिनक्स नावाची प्रणालीही मंजिरीनंच घातलेली. 'बाबा, फ्री है, वायरस भी नहीं आता.' फुकट खरं, पण बापाला लेकीचं तोंड दाखवेना! इंटरनेटवर बरंच धुंडाळल्यावर एका पानावर उपाय सापडला – काळी खिडकी उघडा, ही ओळ टाइप करा. ओळीतलं ओ की ठो कळलं नाही. पण तीस वर्षं टायपिस्ट म्हणून, आधी भोपाळला आणि राज्य वेगळं झाल्यावर इथं रायपूरला, कुठला सरकारी आदेश त्यांनी समजून टाइप केला होता? ही ओळही जशीच्या तशी उतरवली.

पासवर्ड मागितला. तो कॅलेंडरच्या मागे मंजिरीच्या अक्षरात होता, इंग्रजी लिपीत – मिरचीभजी. टाइप केला, तर पडद्यावर काहीच उमटेना. साधं टिंबसुद्धा नाही. कीबोर्ड मेला की काय? एकेक अक्षर ठोकून, वर बघत, खाली बघत... चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चुकल्यावर यंत्रानं हातच झटकले. अरे, तूही माझ्यावर रुसला का रे बाबा!

आणि मग एकदम आठवले टायपिंग शिकवणारे पांडुरंग मास्तर, बोटांवर फडकं टाकणारे – बघायचं नाही, बोटांना ठाऊक असतं. रामकृष्णरावांनी ओळ पुन्हा टाइप केली, डोळे मिटले, आणि बोटं आपापली चालली. यंत्रानं मानलं. मग विचारलं – पुढे जायचं? हो की नाही?

बोट थांबलं. रडत असली तर? न बघितलेलंच बरं, निदान रडली नसेल असं म्हणता तरी येतं... मग त्यांनी 'हो' दाबलं, घाईघाईनं, मन फिरायच्या आत.

प्लगइन रडतखडत उतरलं. ब्राउझर बंद करून उघडला, आणि चौकोन गेला. बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या साडीत मंजिरी. सासू कांताबाई तिच्या केसांतली पिन नीट करत होत्या आणि ही बया तोंडात अख्खी जिलबी कोंबून हसत होती. बाप येतो का म्हणून दाराकडे एकदासुद्धा पाहत नव्हती. एकदासुद्धा! ते टोचलंच. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, आठ दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला होता.

"अजी, काय पाहून राहिले?" प्रेमला दारात उभी होती.

"तुले दिसून नाही राहिलं?"

"मले नाव काढाची बंदी आहे न."

"मी काढून राहिलो न आता. मंजिरी. रडली का वं, मी नव्हतो म्हणून?"

प्रेमला खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "सकाळी रडली. लय रडली. मग म्हणे, आई, भूक लागली."

भूक लागली म्हणे! रामकृष्णराव हसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि राग शोधू लागले, कारण तो इतके दिवस इथंच तर होता... फोन करीन का? माहीत नाही. करणारही नाही कदाचित. पण मग इतकं हलकं काहून वाटून राहिलं मले?