आईच्या मापाची बांगडी

सातवीच्या वर्गात माती नेणं म्हणजे विकतचं दुखणं. अर्ध्या तासात बाकं, फळा, दोघांचे केस आणि माझी नवी साडी, सगळं एका रंगाचं झालं. पण इतिहासाच्या पुस्तकात हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या बांगड्यांचं चित्र होतं, नखाने उमटवलेल्या नक्षीच्या. म्हटलं, तशाच करू. हौस माझीच, मग बोलू कुणाला?

घरातल्या कुणासाठी तरी करा, असंही मीच सांगितलं. आणि घसा फोडून बजावलं, "मापापेक्षा बोटभर मोठी करा. माती वाळली, भाजली की आटते." सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते आमच्या टिकटिकीने. तोंडाला खंड नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव हे. हल्ली मात्र ती गप्पगप्पच असायची. तिची आई कधीपासून अंथरुणाला खिळलेली, हे मला ठाऊक होतं.

तिने आईची जुनी काचेची बांगडी रुमालात गुंडाळून आणली होती. ती समोर ठेवून अगदी तेवढीच मातीची वळत होती.

"अगं, मोठी कर. कानात बोळे घातलेत का?"

"पण बाई, आईचं माप हेच आहे."

"असू दे गं, तरी मोठी कर."

"मग तिला ढगळ होईल ना."

आता काय कपाळ सांगू हिला? तेवढ्यात मागच्या बाकांवर मातीची फेकाफेक सुरू झाली. ती निस्तरून परत आले तोवर हिची नक्षीही काढून झाली होती. इतकी सुबक, की मोड म्हणायला माझी जीभ रेटेना.

शाळेच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुंभाराच्या भट्टीतून बांगड्या आल्या. टिकटिकीने आपली उचलून काचेच्या बांगडीवर ठेवली. आटलेली ती काचेच्या बांगडीतून आरपार खाली पडली.

"बाई, उद्या प्रदर्शनाला आई येणारे," ती म्हणाली. "डॉक्टर हो म्हणाले. फक्त ह्याच्यासाठी येणारे ती."

दुसरी करायला वेळ कुठला? पोरगी रडलीसुद्धा नाही. रडली असती तर निदान जवळ तरी घेता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या आधाराने टिकटिकीची आई आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. गेल्या वर्षी पालकसभेत पाहिली होती. भरल्या अंगाची, हसली की शेजारच्या वर्गात ऐकू जाणारी. मी आधी ओळखलंच नाही.

टिकटिकीने हात मागे लपवले होते. "आई, नुसती बघ हां. ती लहान झालीये. बसणार नाही तुला."

"आण तरी."

आईने बोटं जुळवली, अंगठा आत दुमडला. बांगडी अल्लद आत गेली. मनगटावर थांबलीसुद्धा नाही, तशीच कोपराकडे घसरत गेली.

"बसली, बाई, आईला बसली," म्हणत टिकटिकी मैत्रिणींना बोलवायला पळाली. बाप खिडकीबाहेर बघत राहिला.

आईने बांगडी मनगटाशी आणली आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ती परत येईपर्यंत जरा दोरा मिळेल का हो? आतून गुंडाळते. तिच्यासमोर निसटायला नको."

मी कपाटात दोरा शोधायला लागले. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.